किती लावू?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याहून मळवलीला निघालो होतो. निगडीला पेट्रोल भरलं, सवयीप्रमाणे मीटरचा आकडा वहीत टिपला : ८७,३७४. कामशेत मागे पडलं, पावसाचा जोर वाढला आणि मळवली स्टेशनकडे वळता वळता गाडीच्या डॅशबोर्डवरचं सगळं एकदम मावळलं. वेग नाही, पेट्रोलचा काटा नाही, आकडा नाही. इंजिन मात्र बिनतक्रार चालू. गाडी किती धावते आहे हे गाडीला ठाऊक होतं, मला नव्हतं.

जवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. मुलगा हुशार होता. पॅनेल उघडून त्यानं पाचच मिनिटांत निदान केलं : पाणी शिरून मीटरचा आख्खा डबा, म्हणजे ज्याला हल्ली क्लस्टर म्हणतात तो, गेला होता. नवा महाग पडेल, पण भंगारात निघालेल्या अशाच गाडीचा जुना मिळेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिळालाही. त्यात आकडा होता ३१,२०६. मी त्या आकड्याकडे बघत असताना त्यानं अगदी सहज विचारलं, "काका, किती लावू?"

त्याच्या विचारण्यात काही काळंबेरं नव्हतं. शिंपी पँटची उंची विचारतो तसं ते होतं. माझ्या तोंडून उत्तर लवकर निघालं नाही, याचं कारण जुनं आहे. २००९ साली मी एक वापरलेली गाडी घेतली होती. मीटरवर चाळीस हजारांच्या आत आकडा. टायमिंग बेल्ट साठ हजारांना बदलायचा, तेव्हा अजून बराच अवकाश आहे अशा समजुतीत मी होतो. बेल्ट तुटला तो बोरघाटात, अमृतांजन पुलाच्या अलीकडे, मागच्या सीटवर आई असताना. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहितो आहे. इंजिन उघडल्यावर मेस्त्री म्हणाला, ही गाडी लाखाच्या घरात चाललेली आहे. कुणीतरी, केव्हातरी, कुणाला तरी विचारलं असणार, "किती लावू?" आणि समोरच्यानं उत्तर दिलं असणार.

मळवलीतल्या त्या दोन दिवसांच्या मुक्कामात हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि तिथून मी अंतरमोजणीच्या इतिहासात शिरलो. मोजण्याची साधनं कशी घडली हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला हवं होतं ते वेगळंच : साधन मोडलं किंवा बदललं, की जुनी मोजणी नव्या साधनावर कशी नेतात, आणि ती नेणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं?

हा प्रश्न पडायला मळवलीइतकी योग्य जागा नाही. स्टेशनावरून दोन-तीन किलोमीटर चालत गेलं की भाज्याची लेणी. तिथल्या विहाराच्या ओसरीत चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक त्याला सूर्याचा रथ मानतात, काहींना ते मान्य नाही. चाकाखाली अक्राळविक्राळ देह चिरडले जात आहेत. दोन हजार वर्षांहून जुनं हे चाक, आणि त्याच्या समोरच्या खोऱ्यातून लोहमार्ग, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग असे तीन रस्ते जवळजवळ हातात हात घालून जातात. कोकणातली बंदरं आणि देश यांना जोडणारी वाट इथूनच होती. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यातले दानलेख वाचले की दूरदूरच्या गावांहून आलेले दाते भेटतात. किती अंतर कापून आले, हे मात्र एकानंही कोरून ठेवलेलं नाही. गावाचं नाव सांगितलं की पुरे, अंतर ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

आपल्याकडे अंतर बराच काळ असंच समजून घ्यायची गोष्ट होती. ‘मजल दरमजल करत’ हा शब्दप्रयोग आपण आज अलंकार म्हणून वापरतो, पण मजल म्हणजे एका दिवसाची चाल. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते याच हिशेबानं. कोस हे माप होतं, पण कोसाकोसांत फरक. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलनं नोंदवलंय की गुजरातेत गाईचं हंबरणं जिथवर ऐकू जातं तो कोस, आणि बंगालात एका दमात धावता येईल ते अंतर हे माप. गाय आजारी असेल तर गाव जवळ येणार! या गोंधळावर अकबरानं कोस ठरवून दिला : साडेबारा गजांची काठी चारशे वेळा ठेवली की एक कोस, म्हणजे ५,००० गज.

हे वाचताना मला एकदम दुसरा आकडा आठवला. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यानं गाडीला लावायच्या अंतरमापकाचं वर्णन केलं आहे. चाक असं घ्यायचं की एका फेऱ्यात साडेबारा फूट अंतर कापलं जाईल. त्याला दातेरी चक्र जोडायचं, चारशे दात्यांचं. चाकाचे चारशे फेरे झाले की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा, आणि वरच्या पेटीतून एक खडा खालच्या भांड्यात टणकन पडणार. साडेबारा गुणिले चारशे, बरोबर पाच हजार. फूट आणि गज यांत मोठा फरक, दोन माणसांमध्ये सोळा शतकं, आणि गुणाकार मात्र तोच. यात कुठलंही गूढ शोधण्याची गरज नाही. पाच हजारांचे सोयीचे भाग पाडायचे तर हिशेबी माणूस असल्या आकड्यांवर येतो. पण खडे मोजून मैल सांगणारी ती गाडी डोळ्यांसमोर आली की आणखी एक गोष्ट दिसते : मुक्कामावर पोचल्यावर भांड्यातले चार खडे काढून रस्त्याकडेला टाकणं किती सोपं होतं! अंतरमापक आणि त्यातली लबाडी एकाच वयाच्या असाव्यात.

इंग्रज आले ते मोजतच आले. या मावळात त्यांची पहिली मोठी स्वारी मात्र मोजणीच्या बाहेर गेली. १७७९ च्या जानेवारीत कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, आपला ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याला पडला, आणि पुण्याकडे रखडत निघालेली ती फौज वडगावला शरण आली. पुढे राज्य त्यांचं झाल्यावर मोजणीची साखळी गावोगाव फिरू लागली.

पुणे जिल्ह्यातली या मोजणीची पहिली कहाणी वाईट आहे, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं जिल्ह्यातल्या शेतांची मोजणी करून साऱ्याची आकारणी केली. कागदावर पद्धत शास्त्रीय होती. पण साखळी ज्यांच्या हातात होती त्या खालच्या कामगारांवर देखरेख नव्हती. मोजण्या चुकीच्या निघाल्या, काही मुद्दाम चुकवलेल्या होत्या, आणि त्यावर बसवलेला सारा भरता न आल्यानं शेतकरी गावं सोडून गेले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून काम नव्यानं सुरू केलं. त्यांची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. आज मळवलीत ‘गुंठ्याला काय भाव’ असं विचारणाऱ्या पुणेकराच्या तोंडी ती साखळीच असते. प्रिंगलचं माप नाही टिकलं. त्यात गणिताचा दोष नव्हता, साखळी ओढणाऱ्याला कुणी उलटतपासणी करणारा नव्हता इतकंच.

उलटतपासणी म्हणजे काय हे विल्यम लॅम्बटनकडून शिकावं. हा माणूस आपल्या विदर्भात, हिंगणघाटला पुरलेला आहे. १८२३ साली भारताची महात्रिकोणमिती मोजणी चालू असताना तिथंच त्याचं निधन झालं. १८०२ मध्ये त्यानं मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजली, आणि साऱ्या देशाचा नकाशा त्या रेषेवर उभा राहिला. रेषा शंभर फुटी पोलादी साखळीनं मोजली. साखळीचीही एक कथा आहे. चीनच्या बादशहाला भेट म्हणून ती मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर गेली होती. बादशहानं नाकारली, मग ती फिरत फिरत कलकत्त्याला आली आणि लॅम्बटनच्या हाती लागली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी साखळी. इंग्लंडहून तशीच आणखी एक साखळी आली तेव्हा लॅम्बटननं ती कामाला लावली नाही. ती बाजूला ठेवली. रोज जमिनीवर ओढली जाणारी साखळी झिजते, कड्या ताणल्या जातात, उन्हानं लांबते. ती किती बदलली हे कळायचं तर कधीच न वापरलेली एक साखळी हवी. एक काम करणारी, एक साक्ष देणारी. पुढचं सगळं या दोन साखळ्यांवरून समजतं.

बोरघाट माल्कमनं १० नोव्हेंबर १८३० रोजी गाड्यांसाठी खुला केला. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ साली आली, पण घाट चढायला १८६३ चा एप्रिल उजाडावा लागला. मधली पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीनं नाहीतर तट्टावर खंडाळ्याला येत आणि पुन्हा गाडीत बसत. घाटात गाडी उलट फिरवण्याचं एक स्टेशन होतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मार्ग बदलून ते बाद झालं. मार्ग बदलला की अंतर बदलतं आणि पुढचे सगळे खांब चुकतात. खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’नं द्रुतगती मार्गाचं अंतर सुमारे ६ किलोमीटरनं कमी करायचं ठरलं तेव्हाही हाच प्रश्न होता.

रस्त्यांवरचे दगड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजणारे काळ्या दगडाचे, रोमन आकड्यांचे खांब एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवले गेले. रस्ते उंच होत गेले तसे त्यांतले कित्येक कमरेपर्यंत गाडले गेले. पुण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाजवळचा शून्य दगड आणि नागपूरचा झिरो माइल आपल्याला माहीत असतात. पण मला इथं हवी आहे ती एकच घटना : मैल जाऊन किलोमीटर आले ती. १९५६ साली कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनंमापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. एका अख्ख्या देशाचं मीटर बदलण्याचं ते काम होतं. ते नीट पार पडलं, कारण जुना आकडा कोणत्या गुणकानं नव्यात जातो हे सगळ्यांना जाहीर होतं. ‘मैलाचा दगड’ हा शब्द तेवढा मागे राहिला.

मोटारींचं तसं झालं नाही. जुन्या गाड्यांची मीटरं मैल दाखवत राहिली आणि विकणाऱ्यांना ते पथ्यावर पडलं. पन्नास हजार मैल म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पण काचेआड दिसणार पन्नासच. शिवाय बहुतेक जुन्या मीटरांत पाचच आकडी चाकं. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. "मीटर एकदा फिरलंय" असं प्रामाणिक माणूस सांगायचा, दुसरा गप्प बसायचा.

या जुन्या मीटरची रचना मात्र देखणी. गिअरबॉक्समधून एक केबल निघते, वळसे घेत डॅशबोर्डमागे येते. १९०२ मध्ये ऑट्टो शुल्झे यानं जर्मनीत पेटंट घेतलेली युक्ती म्हणजे या केबलच्या टोकाला फिरतं चुंबक लावायचं. त्याच्या ओढीनं जवळची धातूची वाटी वळू बघते, स्प्रिंग तिला अडवते, आणि त्या झटापटीत वेगाचा काटा हलतो. त्याच केबलवरून मळसूत्री चक्रं आकड्यांच्या चाकांना गती देतात. एक चाक पूर्ण फिरलं की शेजारचं एक घर सरकतं. कित्येक गाड्यांत केबलचे हजार फेरे म्हणजे एक मैल असं प्रमाण असे. म्हणजे व्हिट्रुव्हियसचीच गाडी, खड्यांच्या जागी आकडे. फसवणूकही तितकीच सरळ. केबल काढून ठेवली की गाडी धावते, आकडा झोपतो. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना हे सांगायला लागत नाही.

इथं आपल्या कायद्यातली एक गंमत नोंदवावीशी वाटते. रिक्षा-टॅक्सीचं भाड्याचं मीटर वैधमापनशास्त्र विभाग तपासतो, त्याला सील ठोकतो, भाडेवाढ झाली की पुन्हा तपासतो. दोन रुपयांचा फरक पडू नये म्हणून एवढी व्यवस्था. पण त्याच रिक्षातलं एकूण धाव सांगणारं मीटर उघडं, बिनसीलचं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगमापकाबद्दल नियम आहे. आकडा मागे फिरवला तर फसवणुकीचं कलम लावता येतं, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८. मात्र मीटर बदलताना काय करायचं हे सांगणारा खास कायदा नाही. अमेरिकेत १९७२ पासून तो आहे, आणि त्यातली एक तरतूद मला फार आवडली. नव्या मीटरवर जुना आकडा आणता येत नसेल, तर मीटर शून्यावर ठेवायचं आणि डाव्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवायची : बदलण्यापूर्वीचा आकडा इतका, बदललं त्या दिवशी. चिठ्ठी काढणं हाही गुन्हा. आकडा खोटा असला तरी चालेल, तो कितीनं खोटा आहे हे लिहिलेलं हवं. आपल्याकडेही याचं एक उदाहरण आहे. कोकण रेल्वेनं बांधकामाचा खर्च भरून काढायला भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरलं. प्रवाशाला ते आवडो न आवडो, नियमात ते लिहिलेलं होतं, म्हणून कुणी त्याला फसवणूक म्हणालं नाही.

आजच्या गाड्यांत केबल नाही. चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्समधला सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, ते मोजून आकडा एका चिपमध्ये लिहिला जातो. ती चिप त्या डब्यातच असते, म्हणून डबा बदलला की आकडाही बदलतो. नवा डबा शून्य घेऊन येतो, भंगारातला डबा दुसऱ्या गाडीचं आयुष्य घेऊन येतो. काही गाड्यांत मात्र तोच आकडा दुसऱ्या एखाद्या कंट्रोलरमध्येही साठवलेला असतो. लॅम्बटनची दुसरी साखळीच ती. कंपनीच्या केंद्रात नवा डबा बसवताना जुना आकडा त्यात भरतात, आणि बऱ्याच गाड्यांत तो एकदाच भरता येतो किंवा पुढेच नेता येतो, मागे नाही. हे जमतं कारण जुना आकडा कळतो. डबा पुरता मेला असेल तर तो बाहेरून शोधावा लागतो : शेवटच्या सर्व्हिसचं बिल, विम्याच्या तपासणीतला फोटो, मालकाची वही. २०२२ पासून विमा नियामकानं ‘जेवढी गाडी चालवाल तेवढा हप्ता’ अशा पॉलिसींना वाट करून दिल्यापासून तर आकड्याचा संबंध थेट पैशाशी आला आहे.

मी त्या मुलाला भंगारातला डबा परत करायला सांगितला. तो जरा खट्टू झाला. "काका, ३१ दिसलं तर गाडीला भाव येईल," म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तो माझं भलंच बघत होता. मी त्याला बेल्टची गोष्ट सांगितली. त्यानं ती ऐकली आणि मग विचारलं, "मग ती गाडी तुम्ही कितीला विकली?"

प्रश्न मर्मावर होता. विकली होती, आणि विकताना मीटरबद्दल मी खरं सांगितलं होतं. पण घेणारा हसून म्हणाला होता, "अहो, मीटरवर कोण विश्वास ठेवतो?" भाव त्यानं त्याप्रमाणेच केला. म्हणजे खोटा आकडा एकट्या खोटारड्याचा राहत नाही. खरा आकडा दाखवणाऱ्यालाही त्याच भावात विकावं लागतं.

शेवटी गाडी टो करून एका कंपनीच्या केंद्रात नेली. नव्या डब्याची किंमत ऐकून भंगारातल्या डब्याची आठवण झाली हे कबूल करतो. माझ्या हिशेबानं निगडीपासून मळवली ३८ किलोमीटर, म्हणजे ८७,४१२ व्हायला हवे होते. तिथल्या तंत्रज्ञानं स्कॅनर लावला आणि दुसऱ्या कंट्रोलरमधून आकडा काढला : ८७,४१५. तीन किलोमीटरचा फरक. गॅरेज शोधत मळवलीत मारलेल्या दोन फेऱ्या मी हिशेबात धरल्याच नव्हत्या.

नव्या डब्यात ८७,४१५ भरले गेले. बिलावर मात्र ‘क्लस्टर बदलला’ एवढंच छापून आलं. आधी किती, नंतर किती, तारीख काय, यांपैकी काही नाही. काउंटरवरच्या बाईंना मी ते लिहून द्यायला सांगितलं. "सिस्टीममध्ये तसा रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पेनानं लिहा. त्यांनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग बिलाच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं ओळ आली : जुनं मीटर ८७,४१५, नवं मीटर ८७,४१५, खाली तारीख आणि शिक्का. घरी आल्यावर तीच ओळ एका चिठ्ठीवर उतरवून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवली आणि वरून पारदर्शक टेप मारली.

जुना डबा मी परत मागून घेतला. मळवलीच्या घरात, खिडकीतल्या फळीवर तो आहे. काच आतून अजून धुकटलेली दिसते.